प्रतिसाद: गाडीचा बंपर घासला, विम्याचा क्लेम करावा का?

वर कोणीतरी लिहिलंय, 'हप्ता भरतोय ना, मग क्लेम करायचाच.' पटत नाही. नुसता बंपर घासला असेल तर आधी गॅरेजमधून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. मग त्यातून पॉलिसीत तुमच्या माथी असलेली ठरावीक रक्कम वजा करा. झीरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या भागांवरचा घसाराही, म्हणजे भाग जुना झाल्याबद्दलची कपातही, जाते, आणि बंपर प्लास्टिकचाच असतो! उरेल तेवढंच कंपनी देणार.

आता दुसरी बाजू. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, गेला की नुकसान एकाच वर्षाचं नसतं, तो पुन्हा पायरीपायरीनं चढावा लागतो. सवलत ५० टक्के असेल आणि ती पूर्ण गेली, तर सवलत लागू असलेला हप्त्याचा भाग थेट दुप्पट होतो. बोनस वाचवणारं ॲड-ऑन (जादा पैसे भरून घेतलेलं कव्हर) घेतलं असेल तर मात्र हे गणितच बदलतं, तेव्हा पॉलिसीचे कागद एकदा नीट वाचाच (कोणी वाचत नाही, माहीत आहे).

एक सावधगिरी: बंपरच्या आत सेन्सर, रेडिएटर, लॅम्पचे ब्रॅकेट असतात. बाहेरून ओरखडा दिसतो आणि उघडल्यावर बिल तिप्पटही होऊ शकतं. म्हणून खोलून बघेपर्यंत 'क्लेम नको' असं ठरवू नका, फोटो काढून ठेवा आणि कळवण्याची मुदत चुकवू नका.

समोरच्याच्या गाडीला किंवा माणसाला लागलं असेल, तर हा हिशोब बाजूला ठेवून कंपनीला कळवाच. आपसात मिटवलेलं प्रकरण महिन्याभरानं नोटीस होऊन दारात येऊ शकतं.