सर पुराव्याचा कायदा सोडून प्रोबॅबिलिटीत का गेले?

जळगावकर_एलएलएम:
नमस्कार मंडळी, एलएलएमचं दुसरं वर्ष चालूये, डेझर्टेशनचा विषय काही ठरत नाही. आमच्या गाईड सरांनी पंधरा-वीस वर्षं पुराव्याचा कायदा शिकवला, कलमं तोंडपाठ, कोर्टातले वकीलसुद्धा फोन करून विचारायचे. मग मधेच त्यांना तत्त्वज्ञानाचं लागलं, 'कोर्टाला कळलं म्हणजे नेमकं काय झालं' वगैरे, आणि आता दोन वर्षांपासून डायरेक्ट प्रोबॅबिलिटी. परवा फळ्यावर बेझचं सूत्र (नवा पुरावा आला की शक्यता किती बदलते ते काढायचं) लिहिलं तर मागून आवाज आला, सर गणित सुटावं म्हणून तर लॉला आलो! स्टाफरूममध्ये पण हसतात. मला आवडतंय खरं, पण सर उद्या चौथ्याच विषयाकडे वळले तर मी मधेच लटकेन. या तिघांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, का नुसता छंद?

धुळ्याचा_काळा_कोट:
ताई, छंद नाही. १८७२ च्या एव्हिडन्स ॲक्टचं कलम ३ काढा, 'शाबीत' ची व्याख्या वाचा. शहाण्या माणसानं ती गोष्ट आहे असं धरून चालावं इतकी ती संभाव्य वाटली पाहिजे, असं लिहिलंय. म्हणजे प्रोबॅबिलिटी पहिल्यापासून घरातच बसलेली आहे. १ जुलै २०२४ ला नवीन साक्ष अधिनियम लागू झाला तरी ही व्याख्या तशीच ठेवलीय.

आता समजा गिरणेच्या पुलाजवळ रात्री वाळूच्या डंपरनं मोटरसायकल उडवली, नंबर कोणी पाहिला नाही, पण त्या रस्त्यावरचे दहातले आठ डंपर एकाच मालकाचे. म्हणजे ८० टक्के त्याचाच ना? दिवाणीत पारडं अर्ध्याच्या वर झुकलं की पुरे असं आपण शिकतो, मग घ्यायची का भरपाई त्याच्याकडून? नाही मिळणार. मी त्या मालकाकडून उभा राहिलो तर पाच मिनिटांत दावा उडवेन. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टानं १९४५ मध्ये एका बसच्या केसमध्ये हेच केलं. पण का उडतो हे मला विचारलं तर नीट सांगता येणार नाही, सरांना तेच खुपत असणार.

खान्देशी_पोऱ्या:
साक्षीदार फुटला का केस संपली भो, कसली प्रोबॅबिलिटी घेऊन बसले 😀

भुसावळ_मास्तर:
मी स्टॅटिस्टिक्स शिकवतो म्हणून सांगतो, वकिलांच्या हातात आकडा आला की ते गुणायला बसतात आणि तिथंच घोळ होतो. कॅलिफोर्नियातली कॉलिन्स केस बघा. पिवळी गाडी, दाढी, मिशी, पोनीटेलवाली बाई, सगळ्याचे अंदाजपंचे आकडे गुणून सरकारी वकिलानं सांगितलं की असं जोडपं १ कोटी २० लाखांत एक. अरे पण दाढीवाल्याला बहुतेक वेळा मिशी असतेच, त्या दोन वेगळ्या गोष्टी कशा झाल्या? १९६८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा रद्द केली. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या आईचं याहून वाईट झालं. दोन तान्ही बाळं गेली, तज्ज्ञानं एक बाळ आपोआप दगावण्याची शक्यता ८५४३ त एक धरली, मग ८५४३ ला ८५४३ नं गुणलं, ७ कोटी ३० लाखांत एक म्हणाला, जणू एकाच घरातल्या दोन मुलांचा काही संबंधच नाही. १९९९ ला जन्मठेप, २००३ ला सुटली. शिवाय असं घडणं दुर्मिळ आहे म्हणजे तिनंच मारलं असं थोडीच होतं? आईनं दोन बाळं मारणंही दुर्मिळच की. मागच्या बाकावरच्या पोरांना बेझच्या आधी हे सांगा, मग हसणार नाहीत.

नाना_अमळनेर:
उलट प्रवास पण झालेला आहे बरं का, निकोलस बर्नुलीनं १७०९ मध्ये प्रबंध लिहिला तो कायद्यात संभाव्यता कशी वापरायची यावरच. आणि तत्त्वज्ञान मधे का येतं, तर हे बघा. निष्काळजीपणाची शक्यता ०.७, त्याच्यामुळेच इजा झाली याची ०.७, दोन्ही मुद्दे सुटे सुटे जिंकले, गुणाकार मात्र ०.४९. मग वादी जिंकला का हरला? जोनाथन कोहेन या तत्त्वज्ञानं १९७७ च्या पुस्तकात हाच पेच मांडला आणि कोर्टातली संभाव्यता फाशांच्या जातीची नाहीच म्हणाला. आपल्याकडे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनातले तर्कपंडित, धुरावरून डोंगरावरचा अग्नी ओळखायचे, तेही टक्केवारी काढून नाही, धूर तिथं अग्नी या व्याप्तीवरून. सरांची गाडी रूळ सोडून गेलेली नाही, विषय घ्या बिनधास्त.

जळगावकर_एलएलएम:
सगळ्यांचे आभार. सरांना डंपरचं सांगितलं तर ते जाम खूश. म्हणे, आता असं धर की एकानं अंधारात डंपरचा रंग पाहिला, त्यावरून मालक सांगितला आणि त्याची नजर दहातल्या आठ वेळा बरोबर ठरते. आकडा दोन्हीकडे ८०, मग या साक्षीदारावर जज विश्वास ठेवतो आणि त्या मोजणीवर का नाही, सोमवारपर्यंत दहा पानं लिहून आण. वकीलसाहेब, तुम्ही मला कामाला लावलं.