अनुभव धागा : एकाच सहलीत वर्षावन आणि महानगरं

मलेशिया-सिंगापूर-थायलंड म्हटलं की आपल्याकडच्या सहली मॉल आणि समुद्रकिनाऱ्यावरच संपतात. तिथलं जंगल पाहून आलेल्यांनी इथे लिहावं, ही विनंती. कुठली शहरं जोडलीत, बरोबर कोण होतं, जेवणाचं काय केलंत, सगळं येऊ द्या. सुरुवात मी करते.

क्वालालंपूरहून आम्ही विमानाने बोर्निओ बेटावरच्या, सबाह राज्यातल्या सांडाकानला गेलो. देश एकच असला तरी सबाह राज्यात शिरताना पासपोर्ट पुन्हा दाखवावा लागतो, तेव्हा तो हाताशी ठेवा. सेपिलोकचं ओरांगउटान पुनर्वसन केंद्र 1964 सालचं. ते बघाच, पण तिथूनच परत फिरू नका. पुढे किनाबातांगान नदीकाठी सुकाऊला राहा. संध्याकाळी नावाड्याने इंजिन बंद केलं आणि समोरच्या झाडावर फांद्या मोडल्याचा आवाज आला. एक ओरांगउटान मादी रात्रीचं घरटं करत होती. फांदी वाकवायची, पायाखाली दाबायची, वर पानं टाकायची. रोज संध्याकाळी बहुधा नवं घरटं. पिल्लू पोटाला घट्ट धरून होतं. काळोख पडेपर्यंत आमच्यापैकी कुणी बोललं नाही.

इथे प्राणी सहज दिसतात, त्यामागचं कारण मात्र वाईट आहे. दोन्ही बाजूंनी पाम तेलाच्या बागा नदीपर्यंत भिडल्यात आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यात हत्ती, लांब नाकाची प्रोबोसिस माकडं, धनेश सगळे दाटीने राहतात. घरी आल्यापासून बिस्किटाच्या पुड्यावर पाम तेल लिहिलंय का, ते मी वाचते.

पुण्याहून
आमच्याबरोबर सासूबाई होत्या, गुडघ्यांचा त्रास असलेल्या. ज्येष्ठ मंडळी असतील तर किनाबातांगानच निवडा, कारण सगळं नावेत बसून बघता येतं. मलेशियाच्या मुख्य भूमीवरचं तामान नेगारा राष्ट्रीय उद्यान सुंदर आहे, पण चाल भरपूर, जळवा भरपूर आणि झाडी इतकी दाट की मोठा प्राणी क्वचितच दिसतो. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे मिळतात, ते घ्याच. क्वालालंपूरजवळच्या बाटू केव्ह्ज या गुहामंदिराच्या 272 पायऱ्या सासूबाई सकाळी लवकर, बसत-उठत चढल्या. वर पोचल्यावर मुरुगनसमोर, म्हणजे कार्तिकेयासमोर, हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या.

शाकाहाऱ्यांसाठी : नुसती भाजी मागितली तरी तिच्यात बेलाचान, म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी, असू शकते. आधी विचारा. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्समध्ये केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळतं.

सिंगापूरहून
इथे राहतो म्हणून सांगतो, सिंगापूर शेवटी ठेवा आणि एक सकाळ सुंगेई बुलोह या पाणथळ अभयारण्याला द्या. तिवरांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या जंगली मगरी दिसतात, ओहोटीला चिखलावर मडस्किपर मासे सरपटतात. पाणमांजरांचे कळप तर शहरातल्या कालव्यांमध्येही दिसतात. शहराने रान पुरतं गिळलेलं नाही, हे मुलांना दाखवायला यासारखी जागा नाही.

रत्नागिरीहून
आम्ही बँकॉक आणि खाओ याई केलं. थायलंडचं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1962 सालचं. बँकॉकहून रेल्वेने पाक चोंगला उतरायचं आणि पुढे गाडी. पहाटे गिबन वानरांची लांबलचक साद येते, एकाने सुरू केली की दुसऱ्या डोंगरावरून उत्तर. पण मला खरी ओढ होती महाधनेशाची, कारण तोच पक्षी आमच्या कोकणातल्या जुन्या देवरायांत आहे. डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा तोच घरघराट. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर फटीतून फळं भरवतो. त्यासाठी म्हातारी, पोकळ झाडं उभी राहायला हवीत, तिथेही आणि इथेही.

पुन्हा मी
सुट्टीबद्दल विचारणाऱ्यांसाठी : मे महिन्याच्या सुट्टीत सबाह ठीक. पूर्व सबाहचा मोठा पाऊस साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतो, तेव्हा नदीला पूर येतो. दिवाळी नोव्हेंबरात आली तर खाओ याई बरं, पाऊस ओसरलेला असतो. बोर्निओला लहान मुलांना घेऊन गेलेल्यांनी जरूर लिहा.