प्रतिसाद: एकर नव्हे, पाण्याची खोली पाहावी

आपण लिहिले आहे की 3 अश्वशक्तीचा सौरपंप शेजारच्या विहिरीवर उत्तम चालतो, आपल्या बोअरवर मात्र धार बारीकच राहते, म्हणून पंप निकृष्ट असावा. मला वाटते, दोष बहुधा खोलीच्या हिशेबाचा आहे. 1000 लिटर पाणी 30 मीटर उचलायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या तिप्पट 90 मीटरसाठी लागते. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्ती अशी क्षमता जमिनीवरून ठरते. परंतु मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत आणि सांध्यांत साठत असल्याने एकाच शिवारातील दोन बोअरची पातळीसुद्धा सारखी नसते, आणि उन्हाळ्यात ती आणखी खोल जाते. त्यामुळे मे महिन्यातील पातळी दोरी सोडून मोजावी आणि तेवढ्या हेडला, म्हणजे पाणी उचलायच्या उंचीला, पंप किती पाणी देतो, हे कंपनीच्या तक्त्यात पाहावे. एक काळजी मनापासून वाटते: उन्हाला बिल नसल्याने उपसा दिवसभर सुरूच राहतो. दुपारचे पाणी हौदात साठवून ठिबकने दिले, तर तोच बोअर अधिक दिवस पुरू शकतो.