दिवसभर उपाशी, रात्री खाखा: जिभेचे चोचले की आजार?

प्रश्न
भाची, वय २२. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी-टोमॅटो, आठवड्यात तीन उपवास. रात्री अकरानंतर मात्र उभ्याउभ्याच फरसाण, गूळ, उरलेल्या पोळ्या. दुसऱ्या दिवशी परत उपवास. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १
भुकेचा दोष जिभेवर कशाला? १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. नंतर त्यांतल्या काहींना पोट भरलं तरी थांबता येईना. उपासमार झाली की शरीर वसुली करतं.

किती खाल्लं यापेक्षा हात थांबत नाही, ही खरी खूण. लपून, भराभर, पोट दुखेपर्यंत, मग स्वतःचीच किळस. आठवड्यातून एकदा तरी, असे तीन महिने, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दुसऱ्या दिवशीचा उपवास 'भरपाई' म्हणून असेल तर बुलिमियाची, म्हणजे अनावर खाऊन मग त्याची भरपाई करत राहण्याच्या आजाराची, शंका येते. त्यासाठी ओकायलाच हवं असं नाही.

उत्तर २
रात्रीचं बंद करायच्या मागे लागू नका, सकाळचं सुरू करा. तीन जेवणं, दोन-तीन मधली खाणी, मध्ये चार तासांहून जास्त खंड नको. आठला पोहे, अकराला केळं, दीडला वरण-भात-पोळी-भाजी, पाचला चहा नि मूठभर शेंगदाणे, साडेआठला जेवण. सुरुवातीला भूक नीट कळत नाही, पोट गच्च वाटतं. म्हणून घड्याळ बघून खायचं.

रात्री खाखा झाली तरी सकाळचे पोहे चुकवायचे नाहीत. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. वहीत वेळ, पदार्थ, जागा आणि त्याआधी मनात काय होतं एवढंच, कॅलरी नकोत. वजन आठवड्यातून एकदाच, रोजचा काटा पाण्या-मिठानेही हलतो. फरसाणावर बंदी घातलीत तर ओढ वाढेल. वेळा बसल्या की वाटीत काढून, बसून खाऊ दे.

उत्तर ३
वरच्याला जोड. उपवास तूर्त बंदच. आजाऱ्याला सूट असते, हे घरातल्या आजीही मान्य करतील.

ओकणं किंवा जुलाबाच्या गोळ्या असतील तर पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, धडधड दिसली तर त्याच दिवशी रक्ततपासणी आणि ईसीजी. ओकल्यावर लगेच ब्रश नको, नुसती चूळ. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं आवरण घासलं जातं. वजन फारच उतरलं असेल किंवा पाळी थांबली असेल तर आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवा.

ताटावर बसल्यावर "आज बरीच जेवलीस" हेसुद्धा बोलू नका. सीबीटीच्या, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराच्या, साधारण २० बैठका लागतात. तोवर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.