मदत हवी आहे: मेक्सिकोत सिनेमा आणि गेम भाड्याने देणारी यंत्रं

नमस्कार मंडळी. मी ग्वादालाहारात राहतो. इथल्या दुकानांबाहेर सिनेमा-गेमच्या डिस्क भाड्याने देणारी स्वयंचलित यंत्रं बसवायचा विचार आहे. अमेरिकेत अशीच यंत्रं चालवणारी रेडबॉक्स कंपनी २०२४ मध्ये बंद पडली, हे ठाऊक आहे. तरी नव्या गेम इतक्या महाग आहेत की भाड्याला गिऱ्हाईक मिळेल, असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण कायद्याची. इथल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १०४ नुसार संगणक-प्रोग्रामची प्रत विकल्यानंतरही ती भाड्याने देऊ द्यायची की नाही, हे मूळ हक्कधारकच ठरवतो. मग प्रत्येक गेम कंपनीची वेगळी परवानगी काढावी लागेल का? की वितरकाकडून एकत्र मिळते?

दुसरं, इथे रोखीचे व्यवहार खूप. कार्ड नसलेल्याकडून अनामत कशी घ्यायची? १६ टक्के व्हॅट धरून भाडं कुणी बसवलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा.