कौसानीहून आणलेल्या पाईनच्या रोपांनी मुलुंडात माना टाकल्या, मदत हवी आहे

गॅलरीतला_माळी:
मंडळी नमस्कार. बागकामात मी अगदीच कच्चा लिंबू. तुळस आणि एक कढीपत्ता एवढाच आमचा पसारा, त्यामुळे शब्द चुकले तर सांभाळून घ्या. झालं असं की एप्रिलात आई तिच्या भजनी मंडळाबरोबर कुमाऊँच्या टूरला गेली होती, नैनिताल, रानीखेत, कौसानी वगैरे, आणि बाकीच्या बायकांनी शाली आणल्या तर हिने पिशवीभर पाईनची फळं आणली, ती लाकडी खवल्याखवल्यांची, नाताळात सजावटीला लावतात ती. त्यातलं एक तुटून पडलेल्या फांदीवरचं होतं, घट्ट मिटलेलं. ते शोकेसवर ठेवलं. मे महिन्यात रात्री टक् टक् आवाज यायला लागला, मला वाटलं पाल असेल, सकाळी बघतो तर फळ उमललेलं आणि खाली पातळ पंखवाल्या बिया. निम्म्या आमच्या कन्येने चौथ्या मजल्यावरून भिरभिरत सोडल्या, उरलेल्या १४ आईने श्रीखंडाच्या डब्यात मातीत खोचल्या. मी चेष्टा केली, तर तीनेक आठवड्यांत ९ उगवल्या! दोऱ्यासारखा देठ, डोक्यावर बीची टोपी, आणि टोपी पडली की दहा-बारा हिरव्या सुया, छत्रीच्या काड्यांसारख्या.

आता प्रॉब्लेम. पाऊस सुरू झाल्यापासून ५ रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली, वरचा भाग हिरवाच, पण सकाळी बघावं तर पडलेलं. आई रोज पाणी घालते, शेणखतही घातलंय. आणि शोकेसवरचं ते उमललेलं फळ परत मिटायला लागलंय, ते सडतंय का? हे झाड नक्की कुठलं आणि मुंबईत जगेल का तेही सांगा. आईला रोज काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

टवाळखोर:
अलिबागहून सुरूचं रोप आणायचं ना, अगदी तस्सं दिसतं, समुद्राचं वारं पण चालतं. (हलकेच घ्या)

पानाफुलातली:
सुरू पाईन नाही हो, लांबून तसा वाटतो एवढंच. माळीदादा, सोबत वाळकी डहाळी आली असेल तर एका झुपक्यात सुया किती ते मोजा. तीन असतील आणि वीतभर लांब असतील तर चीड, पाच असतील तर कैल. कैलचं फळ लांबुडकं आणि खवले पातळ, चीडचं जाडजूड, खवल्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं. देवदार नक्की नाही, त्याचं फळ झाडावरच सुटं होऊन खाली पडतं, टोकाकडचा भाग तेवढा लाकडी गुलाबासारखा मिळतो.

आणि फळ सडत नाहीये. खवल्यात दोन थर असतात, दमट हवेत बाहेरचा जास्त फुगतो आणि खवला आत मिटतो, कोरड्या हवेत उलट. झाडावर असताना बिया कोरड्या हवेतच सुटाव्यात म्हणून ही सोय. खवले मेलेले असतात तरी हे चालू राहतं. तुमच्या शोकेसवर फुकटात हवामान खातं आलंय, ऑक्टोबरात परत उमलेल.

गॅलरीतला_माळी:
मोजल्या, तीन! साधारण वीतभर. म्हणजे चीड. आईला फळाचं सांगितलं तर म्हणाली, मग कपडे आत घ्यायचे की नाही ते त्यालाच विचारत जाऊ.

डोंगरवाट:
माझी सात वर्षं नोकरीपायी तिकडेच, कुमाऊँतल्या पिथौरागढ जिल्ह्यात गेली, म्हणून लिहितो. चीड म्हणजे पायनस रॉक्सबर्घाय, साधारण ५०० ते २००० मीटर उंचीवरच्या उतारांवर. थंडीच लागते असं नाही, खालच्या भागात उन्हाळा चांगला तापतो आणि मान्सूनही धो धो पडतो. फरक असा की तिथे पाणी उतारावरून निघून जातं आणि मूळ कधी पाण्यात बसत नाही. तुमच्या श्रीखंडाच्या डब्याला भोकं आहेत का?

तुमची रोपं मरतायत ती बुडाशी बुरशी लागून, नर्सरीवाले याला डॅम्पिंग ऑफ म्हणतात. उपाय साधा, पाणी बंद. शेणखत अजिबात नको. निम्म्याहून जास्त जाडी रेती, थोडी लाल माती, आणि कुंडी अशा जागी की ऊन मिळेल पण पागोळ्यांचं पाणी पडणार नाही. कुंडी खोल घ्या, उथळ नको, याचं सोटमूळ लवकर खाली धावतं. आणि पडलेली रोपं मातीसकट फेका, आईंना सांगा जीव लावू नका त्यांना.

अजून एक, पाईनच्या मुळांना बुरशी लागतेच, पण ती वेगळी, मित्र बुरशी. ती नसेल तर रोप वर्ष-दोन वर्षं रडत राहतं, पिवळं पडतं. म्हणून नर्सरीत जुन्या पाईनखालची ओंजळभर माती मिसळतात. मुंबईत ती मिळायची नाही.

टवाळखोर:
मोठी झाली की नॅशनल पार्कात लावून टाका, तिथे डोंगर आहेच.

पानाफुलातली:
अजिबात नको! बाहेरचं झाड जंगलात नेऊन लावणं म्हणजे पुण्य नव्हे, आणि परवानगीही नाही. पडलेल्या चीडच्या सुयांचा थर झाला की खाली दुसरं काही फारसं उगवत नाही असंही म्हणतात ना?

डोंगरवाट:
म्हणतात आणि दिसतंही. त्या सुयांना तिथे पिरूल म्हणतात, त्यावरून पाय घसरला की थेट खालच्या वळणावर, मी दोनदा गेलोय. आणि एप्रिल ते जून तो पेटतो. जुन्या झाडाची साल जाड, ते वाचतं, बाकी होरपळतं. तिथल्या बायका चीडला बोटं मोडतात, त्यांना हवा बांज, म्हणजे ओक, गुरांना पाला मिळतो म्हणून. इंग्रजांना मात्र चीड लाडकी, रेल्वेच्या स्लीपरसाठी लाकूड आणि लिसा, म्हणजे डिंक, त्यापासून टर्पेंटाइन आणि राळ. १९२१ साली जंगलाच्या कायद्यांवर लोक इतके चिडले की चीडची जंगलंच पेटवली. आपल्या भाषेत वाचलं तर चीड आली आणि चीड जाळली. विषयांतर झालं, सॉरी.

मुंबईत जगेल का? खरं सांगायचं तर मोठं झाड होणार नाही, त्याला ३० मीटर वर जायचं असतं आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर. कुंडीत सांभाळलं तर काही वर्षं काढेल. पहिल्या दोन पावसाळ्यांत टिकलं तर मला कळवा.

गॅलरीतला_माळी:
डब्याला भोकं नव्हती. एकही. आता सगळं बदललं, आईच्या लोणच्याची जुनी बरणी खोल म्हणून खाली भोकं पाडून वापरली (यावरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही), रेती आमच्या खालच्या मजल्यावरच्या रिनोवेशनवाल्याकडून मागून आणून धुवून घेतली, आणि बरणी हॉलच्या खिडकीत, ग्रिलच्या आत. बदलताना एक गेलं, तीन राहिलीत, आठ दिवस झाले आणि तिन्ही उभी आहेत. आईला पाणी घालायची बंदी केलीय, ती आता नुसती बघत बसते आणि मी ऑफिसात गेलो की घालते असा मला संशय आहे. आता प्रश्न एकच, ती ओंजळभर माती कुठून आणू?

डोंगरवाट:
माझा भाचा तिकडे कुमाऊँच्या पायथ्याला हल्द्वानीला असतो, पुढच्या महिन्यात दादरला येतोय. दोन मुठी माती आणि थोडा पिरूल डब्यात घालून आणायला सांगतो. पण आईंना सांगा, यावेळी भोकं असलेला डबा.

गॅलरीतला_माळी:
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.