होम सर्व्हरच्या दोन्ही डिस्क बदलायच्या आहेत: क्लोनझिला, डीडी की आणखी काही?

खटपट्या
नमस्कार मंडळी. डेबियनवर चालणारा होम सर्व्हर आहे. सिस्टीम 500 जीबीच्या साटा एसएसडीवर: आधी ईएफआय पार्टिशन (बूटच्या फाइली), मग ईएक्सटी4 फाइल सिस्टीमचं रूट (मुख्य पार्टिशन), शेवटी 8 जीबी स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा). शिवाय 4 टीबीची डेटा हार्ड डिस्क, तीही ईएक्सटी4, त्यातले 2.6 टीबी भरलेले. डॉकरमध्ये (अ‍ॅप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारी प्रणाली) पोस्टग्रेस डेटाबेस आणि फोटोंचा संग्रह आहे. आता 1 टीबी एसएसडी आणि 8 टीबी हार्ड डिस्क टाकायची आहे. दोन्हींना एकच इमेजिंग सॉफ्टवेअर, म्हणजे क्लोनझिला किंवा डीडीसारखं डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं, चालेल का?

कर्नलवेडा
दोन्हींना एकच उपाय लावू नका. सिस्टीम डिस्कवरचं बूट, पार्टिशन टेबल, यूयूआयडी (प्रत्येक पार्टिशनचा ओळख क्रमांक) सगळं जसंच्या तसं हवं, म्हणून तिचा क्लोन करा. डेटा डिस्कमध्ये फक्त फाइली महत्त्वाच्या. तिथे नवी फाइल सिस्टीम बनवून आरसिंकने (फाइली कॉपी करणारं साधन) फाइली उतरवणं बरं.

त्याआधी स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघा. हार्ड डिस्कवर 197 क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टरमध्ये (वाचताना अडलेले सेक्टर), शून्याहून मोठा आकडा असेल तर आधी डीडीरेस्क्यू (बिघडत्या डिस्कवरून डेटा वाचवणारं साधन), तेही मॅपफाइलसकट (किती काम झालं याची नोंद). तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणारे सेक्टर शेवटी घेतो, आणि मध्येच थांबला तर मॅपफाइलवरून पुढे चालू होतो.

एसएसडीसाठी क्लोनझिला लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून थेट डिस्क ते डिस्क क्लोन करा. आत पार्टक्लोन हे साधन असल्यामुळे फक्त वापरातले ब्लॉक उतरतात. डीडी रिकामे सेक्टरही वाचत बसतो, आणि मोठ्या डिस्कवर जीपीटीची (पार्टिशन टेबलचा प्रकार) दुसरी प्रत मधोमध राहते. ती एसजीडिस्क कमांडने डिस्कच्या शेवटी न्यावी लागते. रेस्क्यूझिला हे दुसरं क्लोन सॉफ्टवेअरही पार्टक्लोनच वापरतं, फक्त माउसने चालतं. पार्टिशन टेबल प्रमाणात वाढवायचा पर्याय मात्र घेऊ नका, रूटखेरीज बाकीची पार्टिशनंही उगाच फुगू शकतात.

साठवणूक
वरच्याशी सहमत. क्लोन झाला की मशीन बंद करा, जुन्या एसएसडीची केबल काढा, मगच चालू करा. दोन्ही डिस्कवर यूयूआयडी तोच असतो, त्यामुळे रूट म्हणून कुठली माउंट होईल याचा भरवसा नाही. नव्या डिस्कवरून बूट झालं असं वाटतं आणि लिहिलं जातं जुन्यावर. ईएक्सटी4ऐवजी बीटीआरएफएस फाइल सिस्टीम असती तर हे आणखी धोक्याचं होतं.

दुसरं, 8 टीबीची पार्टिशनं ती साटा पोर्टला लावूनच बनवा. काही यूएसबी डॉक (डिस्क यूएसबीने जोडायचे स्टँड) 512 बाइटच्या सेक्टरऐवजी 4096 दाखवतात. जीपीटीत जागा सेक्टरच्या संख्येत लिहिलेली असते, म्हणून डॉकमध्ये बनवलेलं टेबल साटावर वाचलंच जात नाही. एलएसबीएलके कमांडमध्ये लॉजिकल सेक्टरचा रकाना बघितला की कळतं.

खटपट्या
धन्यवाद! पण क्लोननंतर रूट वाढवायचं कसं? मोकळी जागा स्वॅपच्या पलीकडे राहणार ना?

कर्नलवेडा
हो, म्हणून स्वॅप आधी हटवा. स्वॅपऑफने ते बंद करा, मग ते पार्टिशन काढून टाका, ग्रोपार्टने रूटचं पार्टिशन वाढवा, आणि त्यातली फाइल सिस्टीम वाढवायला रिसाइझ2एफएस चालवा. ईएक्सटी4 चालू असतानाच वाढते. नंतर पार्टिशनऐवजी 8 जीबीची स्वॅपफाइल करा, परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी).

एफएसटॅबमधली (बूट होताना कुठली पार्टिशनं जोडायची याची यादी) जुन्या स्वॅपची ओळ काढायला विसरू नका. राहिली तर बूट होताना सिस्टमडी (सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) दीड मिनिट त्या पार्टिशनची वाट बघत बसतो. इनिट्रॅमएफएसच्या (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी सिस्टीम) रिझ्यूम सेटिंगमध्येही जुना यूयूआयडी असतो. तो काढून इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवा.

साठवणूक
डेटा डिस्कचं राहिलंच. ईएक्सटी4 बनवताना राखीव जागा 1 टक्का ठेवा. मूळ 5 टक्के असते, म्हणजे 8 टीबीत 400 जीबी रूट यूजरसाठी (अ‍ॅडमिन खातं) अडकून पडतात, आणि नुसत्या डेटा डिस्कला त्याचा उपयोग नाही.

आरसिंकला हार्डलिंक (एकाच फाइलची अनेक नावं), एसीएल (जादा परवानग्या) आणि एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलसोबतची जादा माहिती) जपणारे पर्याय द्या, शिवाय फाइलींची मालकी नावाऐवजी आकड्याने उतरवायचा पर्यायही. पहिली फेरी सर्व्हर चालू ठेवून करा; 2.6 टीबीला सेकंदाला 150 एमबी धरले तरी पाचेक तास जातात. मग सगळे कंटेनर बंद करून दुसरी फेरी, या वेळी डिलीटचा पर्याय (मूळ डिस्कवर आता नसलेल्या फाइली नव्यावरूनही काढणारा) लावून. पोस्टग्रेसच्या चालू असतानाच्या फाइली एकमेकींशी जुळत नाहीत, त्यामुळे ही दुसरी फेरी टाळून चालणार नाही. शेवटी एफएसटॅबमध्ये नवा यूयूआयडी आणि सोबत नोफेल, म्हणजे ही डिस्क सापडली नाही तरी सर्व्हर बूट होईल आणि एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून) आत जाता येईल.